प्रागमध्ये चार रात्री : स्वतःचं स्वतः जाणाऱ्यांसाठी

ग्रुप टूरच्या वेळापत्रकात प्रागच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच दुपार येते. बस नदीकाठी थांबते, गाईड छत्री उंच धरून पुढे निघतो, घड्याळासमोर फोटो, पुलावर फोटो आणि साडेपाचला सगळे परत बसपाशी. दहा दिवसांत सात देश ज्यांना हवेत त्यांच्यासाठी ते ठीकच आहे. पण एखादं जुनं युरोपीय शहर आपलं आपण, सावकाश बघायचं असेल तर पहिल्या खेपेला प्राग फार सोयीचं. जुना भाग पायी फिरण्याइतका आटोपशीर आहे, ट्राम-मेट्रो वेळेवर येतात, खर्च पॅरिस-लंडनपेक्षा बराच कमी होतो. दुसऱ्या महायुद्धात इतर शहरांच्या मानानं पडझड कमी झाल्यामुळे सहा-सातशे वर्षांच्या इमारती अजून जागच्या जागी आहेत.

मी आधी कामानिमित्त एकटी गेले आणि मग घरच्या ज्येष्ठांना घेऊन. दोन्हीकडच्या अनुभवातून जे कामाचं वाटलं ते खाली क्रमानं लिहिते आहे. सगळा हिशोब चार रात्रींचा, म्हणजे तीन पूर्ण दिवसांचा आहे. "एवढं लांब जातोच आहोत तर व्हिएन्ना-बुडापेस्टही उरकून घेऊ" हा मोह आवरा. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेनं साधारण चार तास लागतात. त्यात बॅगा भरणं, हॉटेल सोडणं, नव्या हॉटेलची खोली मिळेपर्यंत ताटकळणं धरलं तर अख्खा दिवस गेलाच म्हणून समजा.

१. कधी जायचं

आपल्या सोयीचे दोन हंगाम म्हणजे मे महिना आणि दिवाळीची सुट्टी. दोन्ही चांगले. मेमध्ये हवा आल्हाददायक असते आणि उजेड रात्री साडेआठ-नऊपर्यंत टिकतो. ऑक्टोबरअखेरीला झाडं पिवळी-तांबूस झालेली असतात, गर्दी थोडी ओसरते, पण जाड जाकीट लागतंच. डिसेंबरमध्ये नाताळचा बाजार भरतो, तो फार सुंदर असतो. मात्र दुपारी चारला अंधार पडतो आणि हॉटेलं महागतात.

८ मे आणि २८ ऑक्टोबर या तिथल्या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. दुसरी १९१८ मधल्या चेकोस्लोव्हाकियाच्या स्थापनेची. या दिवशी मोठी दुकानं आणि सुपरमार्केटं कायद्यानंच बंद असतात. छोटी दुकानं आणि हॉटेलं चालू असतात, तरी दूध-पाव-दही आदल्या दिवशी आणून ठेवलेलं बरं. दिवाळीत जाणाऱ्यांना दुसरी तारीख बऱ्याचदा आडवी येते.

२. व्हिसा : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

चेक प्रजासत्ताक शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. कागदोपत्री निकालाची मुदत पंधरा दिवसांची असली तरी खरी अडचण भेटीची वेळ मिळण्याची आहे. मेमध्ये जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच व्हिसा केंद्राची वेळ पकडा.

११ जून २०२४ पासून फी मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. सहा वर्षांखालच्यांना फी नाही. केंद्राचा सेवाआकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

फाईलमध्ये हे हवं :

- पासपोर्ट : गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी. जुने पासपोर्ट असतील तर तेही.
- भरून सही केलेला अर्ज आणि ३५ × ४५ मिलिमीटरचे नवे फोटो. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला "शेंगेन साइज" म्हटलं की कळतं.
- प्रवास विमा : किमान ३०,००० युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत लागू, सगळ्या दिवसांसाठी.
- येण्या-जाण्याचं विमान आरक्षण आणि सगळ्या रात्रींचं हॉटेल आरक्षण.
- बँकेचं अलीकडच्या महिन्यांचं स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह. आयकर विवरणपत्रं.
- नोकरी असेल तर पगारपत्रकं आणि कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र, व्यवसाय असेल तर जीएसटी किंवा शॉप अॅक्टची नोंदणी, निवृत्त असाल तर पेन्शनचे कागद.
- एका पानाचं पत्र : कोण जातंय, का, कोणत्या तारखांना, खर्च कोण करणार, परत यायचं कारण काय.

अर्ज भरण्यापूर्वी संकेतस्थळावरची ताजी यादी एकदा ताडून बघा, किरकोळ बदल होत असतात.

आता सापळे.

पहिला नावाचा. आपल्याकडे एकाच बाईची तीन नावं तीन कागदांवर सापडतात. पासपोर्टवर सासरचं आडनाव, बँकेत माहेरचं, आधारवर मधलं नाव गायब. अर्जातलं आणि विमानाच्या तिकिटावरचं नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच हवं. 'गिव्हन नेम'च्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर तेही तसंच घ्या. बाकीच्या कागदांत फरक असेल तर विवाह नोंदणी दाखला जोडा आणि पत्रात एका ओळीत खुलासा करा. बँकेतलं नाव बदलायला महिना-दोन महिने लागू शकतात, म्हणून हे काम तिकीट काढायच्या आधी.

दुसरा देशाचा. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच देशाकडे अर्ज. रात्री समसमान असतील तर जिथे आधी पाऊल टाकणार त्या देशाकडे. "अमुक देशाचा व्हिसा पटकन मिळतो, तिथून काढू, मग कुठेही फिरा" असं सांगणारे एजंट भेटतील. त्यासाठी ते खोटी हॉटेल आरक्षणं जोडतात, आणि विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं की उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, एजंटला नाही.

तिसरा बँकेतल्या रकमेचा. अर्जाच्या आठवडाभर आधी मेव्हण्याकडून दोन लाख खात्यात टाकून घेतले तर ते स्टेटमेंटवर उठून दिसतात. महिनोन्‌महिने बेताची पण स्थिर शिल्लक जास्त विश्वासार्ह वाटते. मुलं खर्च करणार असतील तर त्यांचं हमीपत्र आणि त्यांचेच बँकेचे कागद जोडा.

चौथा सापळा व्हिसा हातात पडल्यावरचा. स्टिकरवर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असतं आणि शेजारी मुक्कामाच्या दिवसांचा वेगळा आकडा असतो. तारखांमधला काळ ऐसपैस दिसतो, पण राहता येतं तो आकडा लिहिलाय तेवढेच दिवस. उतरल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर एक दिवस वाढतो, तो अर्जातच धरा.

३. विमान

भारतातून जाताना वाटेत विमान बदलावं लागेल असंच धरून चला. मुंबईहून दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे जाणं सरळ पडतं. फ्रँकफर्ट, म्युनिक, व्हिएन्नामार्गेही जाता येतं. फरक इतकाच, की आखाती मार्गानं गेलात तर शेंगेनचा इमिग्रेशन प्रागला होतो, जर्मनीमार्गे गेलात तर जर्मनीत. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो संगणकात नोंदवायला सुरुवात झाली आहे. त्याला पैसे पडत नाहीत, पण रांग लांबते. म्हणून फ्रँकफर्ट-म्युनिकला दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवा.

लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर ब्रिटनचे ट्रान्झिट व्हिसाचे नियम आधी वाचा. शेंगेन व्हिसा तिथे चालतोच असं धरून चालू नका.

४. राहायचं कुठे

ओल्ड टाउन स्क्वेअरच्या अगदी लगत राहू नका, असं मी ठामपणे सांगेन. भाडं जास्त, खालच्या पबांचा गोंगाट पहाटेपर्यंत, आणि टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही. मग दगडी फरसबंदीवरून बॅगांची चाकं खडखडवत चालायचं. त्यापेक्षा विनोह्रादी हा भाग बघा. झाडांच्या रांगा, शंभरेक वर्षांच्या देखण्या इमारती, राहणारी माणसं स्थानिक, आणि हिरव्या 'ए' मेट्रोनं जुन्या शहरात पाच-सात मिनिटांत. नाम्येस्ती मीरू किंवा यिर्झिहो झ पोद्येब्राद ही स्टेशनं पायी अंतरावर असतील असं हॉटेल शोधा. कार्लीन हा भागही चांगला.

गुडघेदुखीवाल्यांसाठी : नाम्येस्ती मीरू स्टेशन जमिनीखाली ५३ मीटरवर आहे आणि तिथला सरकता जिना ८७ मीटर लांब, युरोपीय संघातला सगळ्यात लांब म्हणून ओळखला जातो. आपल्या मॉलमधल्या जिन्यांपेक्षा तिथले जिने बरेच जोरात पळतात. आईला पहिल्या दिवशी त्यावर पाऊल टाकायला दोन मिनिटं लागली, मागचे लोक शांतपणे बाजूनं गेले. उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांसाठी मोकळी. लिफ्टची काय सोय आहे ते हॉटेलात विचारून ठेवा.

खोली घेताना लिफ्ट आहे का ते वेगळं विचारा. जुन्या इमारतींमध्ये 'पहिला मजला' कधी कधी आपल्या दुसऱ्याएवढा उंच निघतो. शहराचा मुक्काम कर मोठ्यांना माणशी रोज ५० कोरुना आहे, तो बऱ्याचदा हॉटेलातच रोख मागतात.

५. पैसे

चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपीय संघात आहे, पण चलन युरो नाही, चेक कोरुना. मनातल्या मनात एक कोरुना म्हणजे साधारण चार रुपये धरा. पर्यटकांच्या दुकानांत युरो घेतात, पण त्यांच्या मर्जीच्या दरानं.

आपल्याकडच्या फॉरेक्स कार्डांवर कोरुना सहसा भरून मिळत नाही. युरो भरून नेलेत तर प्रत्येक खरेदीला युरोचे कोरुना करताना कापतात. परकीय चलनाचा अधिभार न लावणारं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड नेणं सर्वात सोपं. तिथे ट्रामपासून भाजीच्या दुकानापर्यंत कार्ड टेकवून चालतं. निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर चालू करा. हे भारतात असतानाच करा, कारण ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो आणि रोमिंग नसेल तर गाडी तिथेच अडते.

एटीएमच्या किंवा दुकानातल्या मशीनच्या पडद्यावर "रुपयांत पैसे द्यायचे का?" असा प्रश्न येतो. ओळखीचं चलन दिसलं म्हणून 'हो' दाबू नका. मशीनवाला स्वतःचा दर लावतो आणि तो दर वाईट असतो. नेहमी कोरुना निवडा. रोख काढायची तर मोठ्या बँकेच्या शाखेतल्या एटीएममधून काढा. पर्यटकांच्या रस्त्यांवर सुटी उभी असलेली झगझगीत मशीनं टाळा.

रस्त्यात कोणी "साहेब, चांगला दर देतो" म्हणून नोटा पुढे केल्या तर थांबूसुद्धा नका. कोरुनाऐवजी दुसऱ्याच देशाच्या, बिनकामाच्या नोटा हातात टेकवण्याचा हा जुना धंदा आहे. अधिकृत दुकानात बदललेत आणि दरात फसलात असं वाटलं, तर १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. २०१९ पासून तसा कायदा आहे.

तरी थोडी नाणी खिशात असू द्या. सार्वजनिक स्वच्छतागृहाला दहा-वीस कोरुना लागतात.

६. विमानतळ ते हॉटेल आणि शहरातलं फिरणं

विमानतळावर मेट्रो नाही. ५९ नंबरची ट्रॉलीबस 'ए' मेट्रोच्या वेलेस्लावीन स्टेशनला नेते. पूर्वी या मार्गावर ११९ नंबरची बस होती, त्यामुळे जुन्या माहितीत तोच आकडा सापडेल. सामान जास्त असेल तर मुख्य रेल्वे स्टेशनला जाणारी एअरपोर्ट एक्स्प्रेस बस आहे. रात्री उशिरा पोचत असाल किंवा सोबत वयस्कर मंडळी असतील तर अॅपवरून उबर किंवा बोल्ट बोलवा. हात दाखवून टॅक्सी थांबवू नका.

तिकीट सगळ्याला एकच : मेट्रो, ट्राम, बस. अर्ध्या तासाचं, दीड तासाचं, २४ तासांचं आणि ७२ तासांचं. चार रात्रींच्या मुक्कामाला ७२ तासांचं बसतं. ते २४ तासांच्या तीन तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं आणि कुठे किती वेळ झाला हे मोजत बसावं लागत नाही.

कागदी तिकीट घेतलंत तर ते पहिल्या प्रवासाला पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उठवायचा. एकदाच. मेट्रोला फाटकं नाहीत, कोणी अडवत नाही, त्यामुळे शिक्का विसरणं अगदी सोपं असतं. साध्या कपड्यांतले तपासनीस नेमके पर्यटकांच्या स्टेशनांवर जिन्याच्या तोंडाशी उभे असतात. शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही, "पहिल्यांदाच आलोय" ऐकून घेत नाहीत, आणि दंड तिकिटाच्या कितीतरी पट. मोबाईलवरचं तिकीट असेल तर गाडीत पाय ठेवण्याआधी ते चालू झालंय ना, ते पडद्यावर बघा.

७. तीन दिवसांची मांडणी

व्लतावा नदी शहराचे दोन भाग करते. पश्चिमेला टेकडीवर किल्ला आणि खाली माला स्त्राना, पूर्वेला जुनं शहर, योसेफोव्ह ही जुनी ज्यू वस्ती आणि नवं शहर. बहुतेक जण दिवसातून तीनदा पूल ओलांडतात आणि संध्याकाळी पाय धरून बसतात. एका दिवशी एकच काठ, एवढा नियम पाळला तर निम्मी दमछाक वाचते.

वार बघून क्रम लावा. रविवारी सकाळी किल्ल्यातल्या कॅथीड्रलमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी बारानंतर सोडतात. शनिवारी योसेफोव्हमधली सगळी सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) बंद. सोमवारी नॅशनल गॅलरीची दालनं बंद.

*किल्ल्याचा दिवस.* किल्ल्यावर खालून पायऱ्या चढत जाऊ नका. २२ नंबरची ट्राम पकडा आणि 'प्राझ्स्की ह्राद' थांब्याच्या पुढे पोहोर्झेलेत्सला उतरा. तिथून स्त्राहोव्ह मठ जवळ आहे. त्याचं जुनं ग्रंथालय दारातूनच बघायला मिळतं, तरी छतावरची चित्रं बघण्यासारखी आहेत. मग उतारानं चालत किल्ल्यात, किल्ल्यातून नेरुदोवा रस्त्यानं खाली. दिवसभर उतारच.

किल्ल्याच्या आवारात जायला पैसे नाहीत, सुरक्षा तपासणी मात्र आहे आणि तिची रांग दहानंतर वाढते. इमारती नऊला उघडतात, त्या वेळेला दारात हजर राहा. तिकीट सेंट व्हायटस कॅथीड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्ज बॅसिलिका आणि गोल्डन लेन यांचं एकत्र मिळतं. कॅथीड्रलचं काम १३४४ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण झालं १९२९ मध्ये. डाव्या हाताच्या खिडक्यांमध्ये चित्रकार अल्फोन्स मुखाची रंगीत काच शोधा. गोल्डन लेनमध्ये २२ नंबरच्या बुटक्या निळ्या घरात फ्रान्झ काफ्का १९१६-१७ मध्ये लिहायला बसत असे. आता तिथे दुकान आहे आणि आत पाच माणसं मावत नाहीत. बारा वाजता पहिल्या चौकात पहारा बदलण्याचा बँडबाजासकट सोहळा असतो. जमला तर बघा, त्यासाठी तासभर उभं राहण्यात अर्थ नाही.

खाली उतरल्यावर कार्मेलित्स्का रस्त्यावर एक चर्च आहे, तिथे बाळ येशूची मूर्ती आहे. नाशिकरोडला फेब्रुवारीत ज्याची यात्रा भरते आणि सगळ्या धर्मांची माणसं नवस बोलायला येतात, त्या बाळ येशूचं हे मूळ ठिकाण. मूर्ती जेमतेम ४७ सेंटिमीटर उंच. १६२८ मध्ये पोलिक्सेना लोबकोविच या सरदार घराण्यातल्या बाईंनी ती कार्मेलाइट साधूंना दिली. देवाला जसे आपल्याकडे सणावाराप्रमाणे पोशाख बदलतात तसे याचेही बदलतात, आणि वरच्या छोट्या संग्रहालयात देशोदेशीहून आलेली वस्त्रं मांडून ठेवली आहेत. चर्चमध्ये जायला तिकीट नाही. वसई, नाशिक, गोव्याकडच्या मंडळींनी हे चुकवू नये, इतरांनीही.

*जुन्या शहराचा दिवस.* पहाटे उठा. खरंच उठा. चार्ल्स ब्रिजवर सकाळी साडेसहाला मोजकी माणसं असतात, अकराला मुंगी शिरायला जागा नसते. पूल ५१६ मीटर लांब, दोन्ही बाजूंना ३० पुतळे. अनेक पुतळे आता प्रतिकृती आहेत, मूळ दगड संग्रहालयात हलवलेत. राजा चौथ्या चार्ल्सनं बांधकाम सुरू केलं १३५७ मध्ये. मुहूर्त ९ जुलै, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांचा काढला होता असं सांगतात, म्हणजे १-३-५-७-९-७-५-३-१. दंतकथा म्हणा हवं तर, पण मुहूर्ताच्या बाबतीत आपण एकटे नाही एवढं खरं. सेंट जॉन नेपोमुकच्या पुतळ्याखालचा पितळी भाग लोकांच्या हातांनी घासून सोन्यासारखा पिवळाधमक झालाय. १३९३ मध्ये याच पुलावरून त्याला नदीत फेकलं होतं.

तिथून ओल्ड टाउन स्क्वेअर. ओर्लोय हे खगोलीय घड्याळ १४१० चं आणि अजून चालू. दर तासाला सांगाडा दोरी ओढतो, खिडक्यांतून बारा प्रेषित फिरतात, कोंबडा आरवतो, संपलं. मिनिटभराचाही खेळ नाही. सगळे वर बघत असतात आणि खिसेकापू खाली. त्यापेक्षा तास होऊन गर्दी पांगली की घड्याळाखाली जा आणि तबकडी वाचा. सोनेरी सूर्य लावलेला काटा एका सरकत्या कड्यावर फिरतो, त्या कड्यावर बारा राशी आहेत. सूर्य आज कोणत्या राशीत आहे ते त्यावरून कळतं. घरच्या पंचांगाशी ताडून बघाल तर जुळणार नाही. आपलं पंचांग निरयन (राशी ताऱ्यांवरून मोजणारं), हे घड्याळ सायन (वसंतसंपातापासून मोजणारं), त्यामुळे साधारण चोवीस दिवसांचा फरक. इथे सूर्य मेषेत येतो २१ मार्चच्या सुमारास, आपल्याकडे १४ एप्रिलच्या. बाहेरच्या कड्यावरचे आकडे सूर्यास्तापासून मोजायचे तास दाखवतात. बाबा इथे अर्धा तास रेंगाळले होते, आणि सगळ्या सहलीत त्यांना हेच जास्त आवडलं.

दुपारी योसेफोव्ह. पिंकस सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावं हातानं लिहिली आहेत, आडनावं लाल रंगात. मागचं जुनं दफनस्थान इतकं लहान आहे की जागा संपल्यावर थरांवर थर चढवत गेले, म्हणून शिळा एकमेकींवर कलल्या आहेत. पुरुषांना डोकं झाकावं लागतं, दारात कागदी टोपी मिळते. लहान मुलांना इथे आणायचं का, याचा आधी विचार करा.

*तिसरा दिवस* मोकळा सोडा. सकाळी 'सी' मेट्रोनं विशेह्राद. नदीवरच्या कड्यावरचा जुना किल्ला, आवाराला तिकीट नाही, गर्दी नाही, स्थानिक लोक कुत्री फिरवत असतात. तिथल्या दफनभूमीत द्वोर्झाक, स्मेताना हे संगीतकार आणि कॅथीड्रलमधल्या काचेचा तो मुखा, असे तिघेही आहेत. दुपारी वेन्सेस्लास स्क्वेअर : १९६८ चे सोव्हिएत रणगाडे आणि कम्युनिस्ट राजवट रक्तपाताविना घालवणारी १९८९ ची मखमली क्रांती, दोन्ही इथेच. त्याच रस्त्यावर बाटाची बहुमजली इमारत दिसेल. होय, आपलीच बाटा, म्हणजे त्यांचीच. कंपनी १८९४ मध्ये मोराव्हियातल्या झ्लीन गावात सुरू झाली.

कुत्ना होराचं हाडांचं चर्च रेल्वेनं तासाभरावर आहे, अर्ध्या दिवसात होतं. आत फोटो काढू देत नाहीत. चेस्की क्रुमलोव्ह हे जुनं गाव मात्र एका दिवसात जाऊन येण्याच्या भानगडीत पडू नका, सगळा दिवस बसमध्ये जातो.

संध्याकाळी रस्त्यात विग घातलेली मुलं चर्चमधल्या मैफलींची तिकिटं विकतात. संगीताची खरी आवड असेल तर त्याऐवजी रुडोल्फिनम या संगीत सभागृहाचा किंवा एस्टेट्स थिएटरचा कार्यक्रम घरूनच बघून तिकीट काढा. मोझार्टचा 'डॉन जोवानी' १७८७ मध्ये पहिल्यांदा झाला तो याच एस्टेट्स थिएटरमध्ये.

८. खाणं

चेक जेवण मांसाहारी आणि जड. स्विच्कोवा आणि गुलाश यांत सहसा गोमांस असतं, न खाणाऱ्यांनी विचारल्याशिवाय मागवू नये. 'बेझ मासा' म्हणजे मांसाशिवाय, हे पाठ करा. पण सूप त्याच हाडांच्या पाण्यातलं असू शकतं, बटाट्याच्या सूपमध्ये खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. तेवढं वेगळं विचारा.

मांस न खाणाऱ्यांना चालण्यासारखं म्हणजे स्माझेनी सीर, ब्रेडक्रंब लावून तळलेलं चीज, सोबत बटाटे. फळं भरलेले गोड क्नेड्लिकी मोदकाच्या चुलतभावासारखे लागतात, वर लोणी आणि किसलेलं चीज. लसूण घातलेली बटाट्याची धिरडी, ब्राम्बोराकी, गरम असतील तर झकास. अंडं या तिन्हींत सहसा असतं, हे लक्षात ठेवा. वरण-भाताची आठवण आली तर बियास धाबा नावाची शाकाहारी खानावळ शहरात काही ठिकाणी आहे. ताटात हवं ते वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे.

दुपारी अकरा ते दोनच्या सुमारास साध्या हॉटेलांत 'पोलेद्नी मेनू' असतो, ठरावीक पदार्थ कमी दरात. स्थानिक तेच जेवतात. स्क्वेअरवरच्या टेबलांवर तोच पदार्थ दुप्पट भावात मिळेल. कोपऱ्याकोपऱ्यावर निखाऱ्यावर फिरणारी साखरी नळी, त्रदेल्निक, 'जुनी चेक परंपरा' म्हणून विकतात. परंपरा काही नाही, पर्यटकांसाठी आलेली चीज आहे. पोरांना आवडते, घ्या एखादी.

बाटलीबंद पाणी घेताना 'नेपेर्लिवा' बघून घ्या, नाहीतर सोडा गळ्यात पडतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून निघा. बिल देताना दहा टक्क्यांच्या आसपास वर दिलं की पुरे.

९. बॅगेत

बूट सर्वात महत्त्वाचे. फरसबंदी खडबडीत आहे आणि पावसात घसरते, नवे बूट इथे आठवडाभर वापरून मग न्या. तिथली सॉकेटं दोन गोल पिनांची, मोबाईलचा चार्जर बसतो, आपला तीन पिनांचा प्लग नाही. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या प्रती मोबाईलमध्ये आणि एक कागदी संच सोबतच्या माणसाकडे. मदतीचा क्रमांक ११२.

१०. निघताना

बोहेमियन काचेच्या वस्तू घ्यायच्या तर नीट बांधून घ्या. एकाच दुकानात दोन हजार कोरुनांपेक्षा जास्त खरेदी झाली तर कर परतीचा फॉर्म तिथेच मागा. वस्तू विमानतळावर कस्टमला दाखवाव्या लागतात, म्हणून बॅग चेक-इन करण्याआधी शिक्का घ्या. शेंगेनमधल्या दुसऱ्या विमानतळावर विमान बदलणार असाल तर शिक्का कुठे घ्यायचा ते काउंटरवर विचारा.

गांजाच्या पानाचं चित्र असलेली बिस्किटं, लॉलीपॉप दुकानादुकानांत दिसतील. गंमत म्हणून एखादं पाकीट बॅगेत टाकू नका, मुंबईच्या कस्टमला त्यात गंमत वाटणार नाही.

प्राग विमानतळावर दोन टर्मिनल आहेत. दुबई, दोहा, इस्तंबूलची विमानं टर्मिनल १ वरून सुटतात, फ्रँकफर्ट-व्हिएन्नाची टर्मिनल २ वरून. दोन्ही एकाच इमारतीला लागून आहेत, चुकलात तर चालत जाता येतं. टर्मिनल १ ला इमिग्रेशनची रांग असते, म्हणून तीन तास आधी पोचा.